'लुई लुई'त नेमके होते तरी काय?

प्रश्न : अमेरिकेत एका पॉप गाण्याची एफबीआयने चौकशी केली होती, असे ऐकले. त्याच्या बोलांत एवढे आक्षेपार्ह काय होते?

उत्तर : गंमत अशी, की त्यात काय होते हे कोणालाच नीट ऐकू येत नव्हते, आणि सगळी भानगड त्यातूनच झाली. गाणे 'लुई लुई'. रिचर्ड बेरीने लिहिलेले मूळ शब्द अगदी सोवळे : जमैकाचा एक खलाशी लुई नावाच्या बारवाल्याला सांगतो, की माझी मैत्रीण घरी वाट पाहतेय, मला निघायला हवे. बस्स, एवढेच!

१९६३ मध्ये पोर्टलंडच्या 'द किंग्जमेन' या पोरसवदा बँडने ते गायले. माइक वर छताजवळ टांगलेला, त्यामुळे गायक जॅक ईली मान वर करून ओरडत होता. त्यात दातांना तारा. शब्दांचा पार लगदा झाला.

शब्द कळले नाहीत, की ऐकणारा स्वतःच्या मनातले शब्द तिथे भरतो; आणि ऐकणारी पोरे सोळा-सतरा वर्षांची! त्यांनी चावट 'खरे बोल' कागदावर लिहून वर्गावर्गांत फिरवले. ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ वर लावली की सगळे स्पष्ट ऐकू येते, अशी अफवाही उठली.

१९६४ च्या सुरुवातीला इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणे अश्लील ठरवले आणि रेडिओ केंद्रांच्या संघटनेला ते न लावण्याची विनंती केली. म्हणजे कायद्याने बंदी नव्हतीच. पण गव्हर्नरची विनंती सहसा कोण मोडतो? त्याच सुमारास एका पालकाने थेट ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींकडे तक्रार केली आणि एफबीआय कामाला लागली.

या गाजावाजामुळेच गाणे चालले, असे सर्रास म्हणतात. तारखा मात्र उलट सांगतात : डिसेंबर १९६३ मध्येच ते बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते.

एफबीआयच्या प्रयोगशाळेत तबकडी हळू, जलद, सगळ्या वेगांनी वाजवली गेली. शंभरावर पानांची फाइल झाली. निष्कर्ष : कोणत्याही वेगाने शब्द कळत नाहीत. ज्याने ते गायले त्या ईलीला मात्र कोणी विचारायलाच गेले नाही.