लोकांचा प्रश्न आणि आकड्यांचा जाणकार
सामुदायिक आरोग्य-संशोधनासाठी ज्येष्ठ जैवसंख्याशास्त्रज्ञाची निवड

कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळ तालुका हा कोल्हापूर जिल्ह्यातील एक संपन्न भाग होय. उसाच्या मळ्यांनी व भाजीपाल्याने बहरलेल्या या तालुक्यात गेली काही वर्षे एक शंका सातत्याने बोलून दाखविली जात आहे. आपल्या गावांत कर्करोगाचे रुग्ण वाढत आहेत काय, आणि वाढत असतील तर त्याचे कारण नदीचे दूषित पाणी आहे, शेतातील कीटकनाशके आहेत, की आणखी काही? हा प्रश्न मूळचा लोकांचा आहे. ग्रामसभांत तो विचारला गेला, वृत्तपत्रांतून मांडला गेला आणि आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा पुढे आला.

अशा प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे म्हटले की सर्वप्रथम डॉक्टरांची आठवण होते, नंतर प्रयोगशाळेची आणि त्यानंतर निधीची. जैवसंख्याशास्त्रज्ञाची, म्हणजे आरोग्यविषयक आकड्यांचे शास्त्र जाणणाऱ्याची, आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते. माहितीचे गठ्ठे जमा झालेले असतात, तक्ते भरलेले असतात आणि त्यांतून आता काही निष्कर्ष काढून द्यावा, एवढेच काम त्याच्याकडे सोपविले जाते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. कोणाला मोजावयाचे, कशाशी तुलना करावयाची आणि किती गावे घ्यावयाची, हे प्रारंभी चुकले तर पुढे कितीही कुशल गणित केले तरी ती चूक दुरुस्त होत नाही.

मोजणी अवघड का असते

चार हजार वस्तीचे एक गाव उदाहरणादाखल घेऊ. तेथे वर्षाला सरासरी चार नवे कर्करुग्ण आढळावेत, असे मानू. अशी सारख्याच धोक्याची ५० गावे असली, तरी प्रत्येक गावात दरवर्षी चारच रुग्ण आढळणार नाहीत. केवळ योगायोगाने दोन-तीन गावांत आठ किंवा त्याहून अधिक रुग्ण निघतील, तर चार-पाच गावांत एखादाच निघेल वा एकही निघणार नाही. आठ रुग्णांच्या गावात घबराट पसरेल, तेथील पाण्याचे नमुने तपासले जातील, त्या गावाचे नाव सर्वतोमुखी होईल. वस्तुतः त्या गावात निराळे काही घडलेलेच नसेल. उलट, खरोखर वाईट पाणी पिणारे एखादे लहान गाव त्या वर्षी आकड्यांत अगदी निर्धास्त दिसेल. एका वर्षाच्या एका गावाच्या आकड्यावरून बोलू नये, असे संख्याशास्त्रज्ञ बजावतो ते याचसाठी. अनेक वर्षांचे आकडे एकत्र करणे, शेजारची गावे जोडून पाहणे, वृद्धांचे प्रमाण अधिक असलेल्या गावाची तरुण वस्तीच्या गावाशी सरळ तुलना न करणे, हे त्याचे रोजचे काम आहे.

मुलींच्या जन्माच्या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्याने हा धडा घेतलेला आहे. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८३९ होती, ती २०११ मध्ये ८६३ झाली. संपूर्ण जिल्ह्याचा हा आकडा भरवशाचा आहे व चिंतेचाही आहे. परंतु वर्षभरात ३० जन्म झालेल्या एखाद्या गावात ११ मुली व १९ मुलगे जन्मले, तर तेवढ्यावरून त्या गावावर ठपका ठेवता येत नाही. कोठेही गर्भलिंगनिदान होत नसतानाही, तेवढ्याच जन्मांच्या सुमारे आठांपैकी एका गावात मुलींची संख्या ११ किंवा त्याहून कमी दिसू शकते. पंचायत समितीच्या बैठकीत गावनिहाय तक्ते वाचून दाखविताना हे ध्यानात ठेवले जाते असे नाही.

आणखी एक अडचण गावांच्या स्वभावातून निर्माण होते. एका गावातील माणसे एकाच विहिरीचे वा एकाच योजनेचे पाणी पितात, एकाच दुकानातून औषधे-फवारण्या घेतात. म्हणून ३० गावांतून प्रत्येकी ५० माणसे तपासली, तर ती १,५०० स्वतंत्र माणसे तपासल्याइतकी माहिती देत नाहीत. गावातील साम्य अगदी थोडे धरले, तरी तिचे मोल काही वेळा सव्वाचारशे ते साडेचारशे माणसांइतकेच भरते. लसीकरणाच्या पाहणीसाठी रूढ झालेली ३० समूहांची पद्धत सर्व रोगांना सरसकट लावण्याची सवय यासाठीच सोडावयास हवी.

बार्शी आणि गडचिरोली

ग्रामीण भागात कर्करोगाची विश्वसनीय मोजणी होऊ शकते, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांत कार्यकर्ते नियमाने फिरत, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करीत. रुग्णालयाच्या दारात आलेलेच रुग्ण मोजावयाचे नाहीत, तर ठराविक लोकसंख्येतील सर्व रुग्ण शोधावयाचे, हे या नोंदणीचे वैशिष्ट्य होते. गावकऱ्यांशी परिचय वाढल्यावाचून ते साधले नसते.

याच भागातील अनुभवाच्या आधारे १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. गावांचे ५२ समूह पाडून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे त्यांची चार गटांत विभागणी झाली. तीन गटांत तीन भिन्न पद्धतींनी तपासणी झाली, तर चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था ठेवण्यात आली. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न देणे उचित होते काय, यावर पुढे बराच वाद झाला. तुलनेसाठी कोणता गट ठेवावा हा प्रश्न वरकरणी गणिताचा वाटतो, पण गावच्या लेकीसुनांच्या दृष्टीने तो जिवाचा असतो, हे या वादाने स्पष्ट केले.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावे प्रयोगाची व ४७ गावे तुलनेची होती. उपचारांना १९९५ मध्ये प्रारंभ करण्यापूर्वी दोन वर्षे केवळ मोजणी झाली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले, हा १९९९ सालचा निष्कर्ष जगाने मान्य केला, कारण आधीची ती दोन वर्षे कागदावर पक्की होती. गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांचे कष्ट आणि आकड्यांची शिस्त या दोहोंपैकी एकही वगळून हा निष्कर्ष उभा राहिला नसता.

'ज्येष्ठ' कोणास म्हणावे

जाहिरातीत साधारणतः पदव्युत्तर पदवी, काही वर्षांचा अनुभव व संगणकीय कार्यप्रणालींचे ज्ञान मागितले जाते. एवढ्यावर कुशल सहायक मिळेल. ज्येष्ठत्वाची खूण निराळी आहे. हाती आलेली व्याख्याच तपासून पाहण्याचे धैर्य ती व्यक्ती दाखविते काय, हे पाहावयास हवे.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. पिकांच्या नमुना-पाहणीचे शास्त्र घडविणाऱ्यांत त्यांची गणना होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घ काळ काम करून पुण्यास परतल्यावर त्यांनी कुपोषणाच्या मोजमापालाच आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाचे खाणे व त्याची गरज दिवसागणिक बदलते. मग सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित कसा धरावा, असा त्यांचा प्रश्न होता. शुद्ध पाणी व स्वच्छता यांवर त्यांनी दिलेला भर त्याच विचारातून आला. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वांस पटले नाहीत, आणि प्रा. वि. म. दांडेकरांसारख्या विद्वानांशी त्यांचा वादही झाला. परंतु तक्ता भरण्यापूर्वी तक्त्याचे रकाने तपासणारा संख्याशास्त्रज्ञ कसा असतो, ते त्यांच्या कार्यात दिसते.

निवडीची पद्धत

निवड समितीत बाहेरच्या संस्थेतील एक संख्याशास्त्रज्ञ, जनऔषधवैद्यक विषयाचे अध्यापक, गावात प्रत्यक्ष फिरणारी आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्ती आणि संबंधित पंचायतींचा एक प्रतिनिधी असावा. शेवटच्या दोघांना केवळ शोभेसाठी बसवू नये. त्यांच्या गुणांना इतरांच्या गुणांइतकेच वजन द्यावे. दोन तासांच्या तोंडी मुलाखतीपेक्षा एक दिवसाची प्रात्यक्षिक परीक्षा अधिक सांगून जाते. नावे काढून टाकलेला व मुद्दाम सदोष ठेवलेला एक तक्ता उमेदवारास आदल्या दिवशी द्यावा. यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकणार नाही, हे त्याने सांगावे. उत्तर काढून दाखविण्याची घाई करणाऱ्यापेक्षा उणीव दाखविणारा उमेदवार अधिक उपयोगाचा. त्यानंतर तेच म्हणणे दहा मिनिटांत, सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या सदस्यांपुढे मांडण्यास सांगावे. शिरोळसारख्या सीमेलगतच्या तालुक्यात कानडी समजणारी व्यक्ती मिळाली तर उत्तमच.

एक प्रश्न आवर्जून विचारावा: वरिष्ठांना नको असलेला निष्कर्ष देण्याचा प्रसंग कधी आला काय, आणि तेव्हा काय केले? या प्रश्नावर उमेदवार किती मोकळेपणाने बोलतो, यावरून पुष्कळ कळते.

उमेदवार कोठून मिळतील, ही शंका रास्त आहे. शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व वैद्यकीय महाविद्यालये येथून या क्षेत्रातील माणसे तयार होतात. मात्र पुण्या-मुंबईतील औषध कंपन्या त्यांना मोठे वेतन देतात. त्यांच्यापुढे अकरा महिन्यांच्या कंत्राटाचा कागद ठेवून ज्येष्ठ माणूस मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. कर्करोगाचा अभ्यास किमान पाच वर्षांचा, आणि तो पेलणाऱ्याची नेमणूक अकरा महिन्यांची, हा हिशेब कोणत्याही शास्त्रात बसत नाही. स्वतंत्र पद परवडत नसेल तर विद्यापीठ व वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून एक पद पोसावे आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण सहायक गावांत ठेवावेत. जबाबदारी मात्र एकाच व्यक्तीची असावी.

नेमणूकपत्रात काही अटी लेखी हव्यात. मूळ माहिती पाहण्याचा अधिकार संख्याशास्त्रज्ञास असावा, त्याच्या संमतीवाचून कोणताही आकडा जाहीर होऊ नये, आणि निष्कर्ष प्रथम संबंधित गावांना सांगितले जावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाच्या सहभागावर भर आहे. गावकऱ्यांस निष्कर्ष सांगताना रुग्णाची ओळख उघड होणार नाही, याची काळजी त्यानेच वाहावयाची असते. लहान गावात 'पंचेचाळीस वर्षांची एक स्त्री, स्तनाचा कर्करोग' एवढे लिहिले तरी घर ओळखता येते. शिवाय एखाद्या गावावर 'कर्करोगाचे गाव' असा शिक्का बसला तर तेथील मुलामुलींची स्थळे आणि जमिनीचे भाव यांवरही परिणाम होण्याचा धोका असतो. म्हणूनच पंचायतीच्या प्रतिनिधीने समितीत बसणे अगत्याचे आहे.

पहिले सहा महिने नव्या पाहणीत न घालवता उपलब्ध नोंदी तपासण्यात घालवावेत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. शिरोळ तालुक्यातील रुग्ण मिरजेच्या रुग्णालयात दगावला, तर त्याची नोंद मिरजेस होते. त्याच्या गावच्या दप्तरात ती दिसेलच असे नाही. घरी झालेल्या मृत्यूंपुढे कारणाच्या रकान्यात अनेकदा 'वृद्धापकाळ' असा मोघम शब्द असतो. मिरज, सांगली, कोल्हापूर, बेळगाव व मुंबई येथील रुग्णालयांच्या नोंदी रुग्णाच्या मूळ गावाच्या पत्त्यानुसार परत आणणे, एकच रुग्ण दोन ठिकाणी मोजला गेला असल्यास तो एकदाच धरणे आणि ज्यांची नोंद कोठेच नाही त्यांच्यासाठी आशा कार्यकर्तींबरोबर घरोघर जाणे, हे काम नव्या संख्याशास्त्रज्ञाने स्वतः काही गावांत फिरून करावयाचे आहे. त्यासाठी लागणारे पत्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने त्याच्या रुजू होण्याच्या दिवशीच संबंधित रुग्णालयांकडे रवाना केलेले असावे.