लोखंडी माणसाची शर्यत

हवाई बेटांवर १९७८ साली एक शर्यत सुरू झाली. तिला आयर्नमन म्हणतात, म्हणजे लोखंडी माणूस. आधी समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचे, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटर पळायचे. आणि हे सगळे एकाच दिवसात!

१९८२ साली जूली मॉस नावाची २३ वर्षांची कॉलेजातली मुलगी त्यात उतरली. ती काही मोठी खेळाडू नव्हती, तिला अभ्यासाचा प्रबंध लिहायचा होता. तरी सगळ्या बायकांत पुढे तीच. शेवटची रेघ अगदी जवळ आली आणि पाय लटपटले. पडली, उठली, परत पडली. अंगातले पाणी नि ताकद संपली की पाय ऐकतच नाहीत. तेवढ्यात दुसरी पुढे गेली. जूली रांगत रांगत गेली आणि रेघेला हात लावला. २९ सेकंदांनी नंबर हुकला.

आमच्या शर्यतीत एकजण पडला तेव्हा मी पण हसलो होतो.