थंडीतील ट्रॅक्टर : इंजिन ब्लॉक हीटर केव्हा उपयुक्त?

वाराणसी परिसरात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दाट धुके व शीतलहरींचा काळ असतो. शीतलहरीत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागातही काही वर्षी अशीच थंडी पडते. याच काळात वाटाणा, टोमॅटो, बटाटा किंवा द्राक्ष या पिकांची कामे सुरू असतात आणि पहाटे ट्रॅक्टर सुरू न होण्याच्या तक्रारी वाढतात. त्यावर ब्लॉक हीटर बसवावा का, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना विचारला जातो.

अडचणीचे मूळ

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन पेट घेते. थंड हवा व थंड सिलिंडर यांमुळे ही उष्णता अपुरी पडते. वंगण तेल घट्ट होऊन इंजिन जड फिरते आणि त्याच वेळी बॅटरीही क्षीण होते. शून्य अंशाला तिची शक्ती सुमारे एकतृतीयांशाने घटते. वारंवार स्टार्टर मारल्यास न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते व झीज वाढते.

ब्लॉक हीटरचे कार्य

हा विजेवर चालणारा घटक इंजिनच्या पाण्याच्या पोकळीत बसतो व कूलंट गरम करतो. १००० वॅटचा हीटर दोन तास चालल्यास दोन युनिट वीज लागते. रात्रभर चालू ठेवण्याची गरज नसते. सुरू करण्यापूर्वी दोन-तीन तास सहसा पुरतात. कूलंट कमी असताना तो लावू नये, आर्थिंग असावे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी वायर काढावी.

आपल्याकडे गरज किती?

गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली जाणाऱ्या प्रदेशांत हीटर अत्यावश्यक ठरतो. लडाखमध्ये तर डिझेलच गोठत असल्याने इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले. वाराणसी किंवा निफाडच्या थंडीत मात्र सुस्थितीतील ट्रॅक्टर हीटरविना सुरू व्हावा. तो होत नसेल तर खर्चापूर्वी पुढील तपासणी करावी :

• बॅटरी पूर्ण भारित आहे का. टर्मिनल स्वच्छ व घट्ट आहेत का.
• हीटर प्लग असल्यास तो तापतो का.
• तेलाची श्रेणी पुस्तिकेनुसार आहे का. २०डब्ल्यू-४० पेक्षा १५डब्ल्यू-४० थंडीत सहज वाहते.
• डिझेल फिल्टरमधील पाणी काढले आहे का; संध्याकाळी टाकी भरून ठेवल्यास आत दव कमी साचते.
• स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये किमान एक मिनिट थांबावे.

तेलाच्या चेंबरखाली शेकोटी पेटवणे व हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथर फवारणे हे दोन्ही धोकादायक आहे. बंद शेडमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

कामाची वेळ

फवारणीसाठी पहाटेची घाई मुळात अनावश्यक आहे. दवाने ओल्या पानांवरून द्रावण ओघळते. मावा किंवा करपा यांवरील औषध पान सुकल्यावरच द्यावे. तोवर ट्रॅक्टर उन्हात उभा ठेवल्यास इंजिनही काहीसे उबदार होते. पहाटेच बाजारात माल न्यावा लागतो व सर्व तपासण्यांनंतरही अडचण राहते, अशा शेतकऱ्यानेच अधिकृत सेवा केंद्रातून आपल्या इंजिनाला अनुरूप हीटर बसवून घ्यावा.