जठरातील मळसूत्री जीवाणू

सूक्ष्मजीवांचा पाठ शिकविताना फळ्यावर गोल, दंडाकार व वक्राकार अशा तीन आकृत्या काढण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मुले त्या पाठ करतात. परंतु हे आकार कशासाठी, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. तो कसा काढता येईल, हे सुचविण्यासाठी येथे एकाच जीवाणूचा विचार केला आहे.

जठरातील तीव्र अम्लात जीवाणू वस्ती करू शकत नाहीत, अशी समजूत दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली असा जीवाणू प्रयोगशाळेत वाढविला. ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या, म्हणून तो वाढला! पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला व त्यांच्या जठरास दाह झाला. जठरव्रण केवळ तिखटाने वा चिंतेने होतो, असे शिक्षकाने यापुढे सांगू नये. या शोधास २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्यातील पहिला शब्द त्याच्या पिळदार आकारावरूनच आला आहे.

जठराच्या आतील भिंतीवर दाट, बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. त्याच्या तळाशी अम्ल सौम्य असते. तेथवर पोहोचेल तो जीवाणू जगेल; वरच राहील तो अन्नाबरोबर वाहून जाईल. या जीवाणूच्या एका टोकास चाबकासारखे तंतू असतात. ते एका दिशेने फिरले की देह उलट दिशेने फिरतो, आणि देह पिळदार असल्याने त्या फिरण्यातूनही थोडा रेटा मिळतो.

हे वर्गात दाखविणे सोपे आहे. ओल्या मातीच्या गोळ्यात एक साधा खिळा व एक स्क्रू टोकापुरते रोवावेत आणि न दाबता नुसते फिरवावेत. खिळा जागीच फिरेल, स्क्रू आत शिरेल.

तथापि दृष्टान्त ताणू नये. आकाराने मिळणारा वेग अल्पच असतो. अम्लामुळे श्लेष्मा इतका घट्ट होतो की पिळदार जीवाणूही त्यात अडकून पडतो. म्हणून तो युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतो. त्याने भोवतालचे अम्ल मंदावते, श्लेष्मा पातळ होतो व वाट मोकळी होते. माती आधी भिजवावी लागते ती याचसाठी, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

मग आकाराचे महत्त्व ते किती? अमेरिकेतील सिॲटल येथे नीना सलामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा केली. जीवाणूच्या भित्तिकेतील दुवे ठराविक ठिकाणी तोडणारी प्रथिने त्याला पीळ देतात. ती प्रथिने घडविणारी जनुके काढून टाकताच जीवाणू पीळ गमावून बसले. ते जिवंत होते, त्यांची वाढही होत होती. परंतु उंदरांच्या जठरात त्यांना पिळदार जीवाणूंइतकी वस्ती करता आली नाही. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

भारतात हा संसर्ग व्यापक असून तो बहुधा बालपणीच, पुष्कळदा घरातल्या घरात होतो. बहुसंख्यांना काही त्रास होत नाही, हेही सांगावे. एरवी पाठ ऐकून मुले उगाच पोट धरून बसतील.