लाल डोळा : तीन प्रश्नांची पारख

डोळा लाल दिसला कीं ‘डोळे आले, चार दिवसांत जातील’ असें म्हणून स्वस्थ बसण्याची चाल तिसगांव-पाथर्डीच्या बाजूस फार आहे. पुष्कळदां तें खरें ठरतें. परंतु जेव्हां ठरत नाहीं, तेव्हां डोळाच जातो. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. वैद्यकी आम्हांस येत नाहीं. तथापि पुढील हकीकत घडल्यावर नेत्रवैद्यांस विचारून जें समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या भावकींतील एका तरुणाच्या डोळ्यांत बाजरी मळतांना कुसळ गेलें. शेजाऱ्यानें तें जिभेनें काढलें. दुसरे दिवशीं डोळा लाल होऊन पाणी वाहूं लागलें, तेव्हां एका दुकानांतून थेंबांची बाटली आणली. लाली कमी झाली, म्हणून सर्वांस बरें वाटलें. आठव्या दिवशीं बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. शहरांत नेईपर्यंत जखम खोल गेली होती. डोळा राहिला, पण त्यांत फूल पडून दृष्टि गेली.

याचें कारण असें. कुसळ, कडबा, उसाचें पाचट यांवर बुरशीचे सूक्ष्म कण असतात. बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडला कीं ते आंत रुजतात. ही बुरशी बहुधा सावकाश वाढते. म्हणून पहिले कांहीं दिवस दुखणें साधें वाटतें. दुकानांतून मिळणाऱ्या कांहीं थेंबांत स्टेरॉइड असतें. त्यानें लाली मावळते, परंतु बुरशीस बळच मिळतें. डॉक्टर जखमेचा किंचित् अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात व मग औषध ठरवितात. तेव्हां अंदाजानें औषध घालणें घातक होय.

लाल डोळा पाहतांना पुढील तीन रकाने भरावे :

१. डोळा दुखतो काय, उजेड सहन होत नाहीं काय?
२. दिसणें कमी झालें काय?
३. डोळ्यास कांहीं लागलें किंवा आंत उडालें काय?

तिन्हींचें उत्तर ‘नाहीं’ असून खाज, चिपडें व सकाळीं पापण्या चिकटणें एवढेंच असेल, तर तें बहुधा डोळे येणें होय. तें आठ-पंधरा दिवसांत बरें होतें. मात्र हातानें व पंचानें घरभर पसरतें. रोग्याचा पंचा व उशी वेगळी ठेवावी आणि हात वारंवार धुवावे.

एकाही प्रश्नाचें उत्तर ‘होय’ आलें, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसून डोकें ठणकत असेल व ओकारी येत असेल, तर तो काचबिंदूचा झटका असूं शकतो. त्यांत कांहीं तासांचा उशीरही नडतो. चुना किंवा फवारणीचें औषध उडाल्यास आधीं जागच्या जागीं निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा व मग निघावें. रुतलेलें कुसळ स्वतः काढूं नये. डोळा चोळूं नये; मध, दूध, एरंडेल, पाल्याचा रस यांपैकीं कांहींही घालूं नये.

लाली नसतांही दृष्टि जाते, हेंही विसरूं नये. मोतीबिंदूंत धुक्यांतून पाहिल्यासारखें हळूहळू अंधुक होतें. शस्त्रक्रियेनें कृत्रिम भिंग बसविल्यावर बहुतेकांस पुन्हा दिसतें. सावकाश वाढणाऱ्या काचबिंदूंत बाजूची नजर न कळत आटते, व गेलेली नजर परत येत नाहीं. म्हणून चाळिशीनंतर एक एक डोळा झांकून स्वतःची परीक्षा घ्यावी व अधूनमधून डोळ्यांचा दाबही तपासून घ्यावा. मूल तिन्हीसांजेस अडखळूं लागलें, तर तें रातांधळें असूं शकतें. त्यास डॉक्टरांस दाखवावें व आहारांत शेवग्याचा पाला, गाजर, पपई असावी.

दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडणीस बाहेरगांवीं जातात. फडांत पानाची धार डोळ्यास लागली, तर खाडा पडेल म्हणून कोणी थांबूं नये. बुडालेली एक दिवसाची मजुरी पुढें भरून निघते. बुबुळावर पडलेलें फूल मात्र सहसा जात नाहीं. हें पान फडावर निघालेल्या आपल्या माणसांस अवश्य वाचून दाखवावें, एवढीच आमची विनंती.