सिंहासनावरील समत्व : मार्कस ऑरेलियस

रोमचे सम्राट आणि स्टोइक तत्त्ववेत्ते यांचे सख्य सदैव होते असे नाही. नीरोने आपला गुरू सेनेका यास इ. स. ६५ मध्ये देहत्यागाची आज्ञा केली. डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना इटलीबाहेर घालविले; त्यांत एपिक्टेटसही होता. हा एपिक्टेटस पूर्वायुष्यात दास. त्याची प्रवचने एरियन या शिष्याने लिहून ठेविली, आणि रुस्टिकस नामक गुरूने ती मार्कस ऑरेलियसच्या हाती दिली. मार्कस इ. स. १६१ मध्ये सम्राट झाला.

एपिक्टेटसच्या उपदेशाचे बीज एका विवेकात आहे : आपला निर्णय व संकल्प स्वाधीन, देह, धन, कीर्ती, अधिकार पराधीन. स्टोइकांचा धनुर्धराचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. नेम अचूक धरणे हे त्याचे कार्य. बाण सुटल्यावर लक्ष्यवेध त्याच्या हाती नाही. गीतेच्या वाचकास येथे अर्जुनाचे स्मरण होईलच; मात्र साम्य पाहताना भेद विसरू नये. स्टोइक ज्यास शरण जातो तो विश्वव्यापी विवेक, 'लोगॉस', होय. भक्ताच्या हाकेस ओ देणारा भगवान नव्हे. त्यांच्या 'अपाथेइया' या शब्दाचे 'भावशून्यता' असे भाषांतर केले जाते, तेही अन्यायाचे. 'वीतरागता' हा शब्द अधिक जवळचा.

मार्कसची परीक्षा कठोर होती. पार्थियाच्या युद्धावरून परतलेल्या सैन्यासवे महामारी आली. डॅन्यूब नदीच्या सीमेवर वर्षानुवर्षे युद्ध चालले. त्या धामधुमीत त्याने ग्रीक भाषेत स्वतःसाठीच चिंतनिका लिहिली. तिच्या एका भागावर कार्नुंटुम या छावणीचे नाव आहे. तीत राजाज्ञा नाहीत. पहाटे अंथरूण सोडावयास मन कुरकुरते, त्याचीही समजूत आहे! इ. स. १७५ मध्ये सेनापती अविडियस कॅसियस याने बंड केले व तो स्वतःच्याच माणसांकडून मारला गेला. त्याची पत्रे न वाचताच नष्ट करण्यात आली, असे इतिहासकार डायो सांगतो. कोण कोण फितूर होते हे सम्राटाने जाणूनच घेतले नाही.

परंतु उत्तराधिकाराचे काय? आधीच्या चार सम्राटांनी दत्तक वारस नेमिले होते. त्यांना औरस पुत्र उरलाच नव्हता. मार्कसला होता. कॉमोडसला त्याने इ. स. १७७ मध्ये सहसम्राट केले, आणि इ. स. १८० मध्ये पित्याच्या निधनानंतर त्या पुत्राच्या हाती राज्याची दुर्दशा झाली. पुत्राचा स्वभाव पराधीन खरा; त्याची निवड मात्र मार्कसच्याच स्वाधीन होती. त्याला वगळले असते तर यादवी माजली असती, हा बचाव दुर्बल नाही. तथापि तेथे धनुर्धराने नेम नीट धरला होता काय, हा प्रश्न उरतो.