हँडसेट नंतर, परवाना आधी

सोनू, ग्लायडिंग शिकायचंय म्हणून लगेच तो हँडसेट मागवू नकोस. कार्टमध्ये टाकला असशील तर आत्ताच काढ. "ताई, यावर विमानांचं बोलणं ऐकू येतं, आपल्यालाही बोलता येतं" असं लिहिलंस ना, त्यातल्या 'बोलता येतं'चीच मला धास्ती वाटते.

विमानं आणि जमिनीवरचे कंट्रोलर साधारण 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. हा पट्टा जगभर विमानांसाठी राखलेला. तिथे अजून जुनं एएमच वापरतात, आणि त्याचा एक फायदा आहे. एफएमवर जोरदार आवाज दुबळ्या आवाजाला पुरता गिळतो. एएमवर दोघं एकदम बोलले तर शिट्टी वाजते, म्हणजे आणखी कुणीतरी बोलत होतं एवढं तरी कळतं. पण काय बोलत होतं ते मात्र गेलं! दमण सिल्वासापासून किती लांब आहे? तिथे तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. तू सिल्वासात किलवणी नाक्यावरच्या गच्चीवरून गंमत म्हणून बटण दाबायचीस आणि तिकडे कुणाची तरी उतरण्याची सूचना बुडायची.

जाहिरातीतल्या 'लायसन्स फ्री'वर जाऊ नकोस. 2018 च्या नियमांनी 446 मेगाहर्ट्झजवळच्या चिमूटभर पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकीटॉकी मोकळे केले. विमानांचा पट्टा त्यात नाही. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीवरून ऑनलाइन दुकानांना नोटिसा धाडल्या, त्या उगाच नाहीत.

आता मुद्द्याचं. परवाने दोन: एक यंत्राचा, एक माणसाचा. सगळ्यांचा घोळ इथेच होतो. जमिनीवरचं स्टेशन, म्हणजे धावपट्टीशेजारच्या खोलीतला सेट आणि त्याची अँटेना, याची परवानगी दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. फ्रिक्वेन्सीही तीच नेमून देते. ही डोकेदुखी ग्लायडिंग क्लबची. तू एकटीने त्यात पडूच नकोस. माणसाचा परवाना, म्हणजे विमानांच्या रेडिओवर बोलायचा परवाना, तो आरटीआर (ए). याची परीक्षाही पूर्वी दूरसंचार विभागच घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि हे काम विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, आलं. जुनी गाइडं अजून डब्ल्यूपीसीचाच रस्ता दाखवतात, तेव्हा सेकंडहँड पुस्तक घेताना साल बघ. (तुला रद्दीवाल्याकडची स्वस्त पुस्तकं भारी आवडतात, म्हणून सांगते.)

परदेशातलं वाचून आपल्याकडे तसंच असेल असं धरू नकोस. अमेरिकेत देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाच्या सेटला 1996 पासून वेगळा परवाना लागत नाही. जमिनीवरच्या स्टेशनला मात्र लागतोच. ब्रिटनमध्ये ग्लायडरवाल्यांना त्यांच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सींपुरती माणसाच्या परवान्यातून सूट आहे, पण कंट्रोलरशी बोलायचं तर परवाना हवा.

आरटीआरच्या तोंडी परीक्षेची भीती वाटते म्हणालीस. अगं, मराठी शाळेतून आलीस म्हणून अडणार नाही. तिथे फाडफाड इंग्रजी नको, ठरलेली वाक्यं हवीत. थ्रीला 'ट्री', फाइव्हला 'फाइफ', नाइनला 'नाइनर'. आपल्या विमानांच्या नोंदणीची सुरुवात 'व्हिक्टर टँगो'ने. सूचना मिळाली की जशीच्या तशी परत म्हणायची. संकटात 'मेडे' तीनदा. स्वयंपाक करता करता मोठ्याने म्हण, आई हसेल, हसू दे. आणि आधी गप्प राहून ऐकायला शीक. दुसऱ्याचं संपायच्या आत बोलायची तुझी सवय तिथे चालायची नाही.

ग्लायडरला इंजिन नसतं, म्हणजे 'परत एक चक्कर मारून येते' ही सोयच नाही. म्हणून तर इंजिनवाल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची असा नियम आहे. ग्लायडर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढताना दोर ताणायचा कधी, ओढायचं कधी, थांबायचं कधी, हे निशाण, दिवा, फोन किंवा रेडिओने विंचवाल्याला कळवतात. हे शिकायला पुस्तक पुरत नाही, मैदानावर उभं राहावं लागतं.

पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग केंद्र आहे आणि जवळच हवाई दलाचा लोहगाव तळ. तिथलं आकाश मोकळं माळरान नव्हे. वापीहून गाडीचं तिकीट काढायच्या आधी केंद्राला विचार: उड्डाणं चालू आहेत का, नव्यांना घेतात का, वय आणि मेडिकलची अट काय, आरटीआर कधी लागेल. उत्तर लेखी माग. पावसात मात्र जाऊच नकोस. आणि हँडसेटचे पैसे मेडिकलसाठी ठेव.